पाईपाचं म्यान

आत्याच्या वजनावर कुणी हसलं की मला राग यायचा, कारण माझा सगळा उद्योग त्या वजनावर चालला होता. तापल्या वाळूतून काढलेला प्लास्टिकचा पाईप भिजल्या चपलेसारखा मऊ झालेला असायचा. कोयत्याला जुन्या लुगड्याचा एक फेर गुंडाळून तो पाईपात सरकवायचा, खाली-वर बाभळीच्या दोन फळ्या ठेवायच्या आणि ओरडायचं, "आत्या, बस!" आत्या हातातलं सूप नाहीतर परात होती तिथं ठेवून काष्टा सावरत यायची आणि फळीवर अशी टेकायची की फळ्या कुरकुरायच्या. मग ती मोजायला लागायची. साठ झाले की उठायचं असं ठरलेलं होतं. पण मोजता मोजता तिला कुणाच्या तरी लग्नातला रुसवा आठवायचा, तो सांगून होईपर्यंत आकडा कुठं राहिला ते विसरायची आणि बिनदिक्कत पुन्हा तिसापासून सुरू करायची. पाईपाचं त्यात काही बिघडत नसे, उलट जितका जास्त वेळ दाबून राहील तितका तो चांगला निवायचा. ती उठली की मी म्यान बादलीत बुडवायची, कोयता ओढून काढायची, कापड सोडायची आणि पुन्हा घालून बघायची. नीट बसलं असेल तर शेवटी टक् असा आवाज यायचा. आत्या म्हणायची, "झालं बाई घर." चष्म्याच्या डबीला चष्म्याचं घर म्हणतात, तसं आमच्या वस्तीवर माझ्या म्यानांना कोयत्याचं घर म्हणत.

आमची वस्ती येडगावच्या धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे मागं पसरलेल्या पाण्याला लागून. घरात माणसं चारच. आई मी चौथीत असताना गेली, तेव्हापासून आप्पांची थोरली बहीण म्हणजे आत्या आमच्याकडं राहायला आली आणि घराची मालकीणच झाली. आप्पा लोकांच्या पाईपलाइनी करायचे. धरणातून पाणी उचलून वर माळावर न्यायचं ते दिवस होते, जो तो चर खणत होता आणि आप्पांना हाका मारत होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा संपतदादा शेती बघायचा. मी दहावीत गणितात आपटी खाऊन घरी बसलेली. घरी बसलेल्या पोरीला कामाची वाण नसते, पण माझं डोकं रिकामं होतं आणि गोठ्यामागं राखाडी पाईपांचे तुकडे ढिगानं पडलेले होते. दोन पाईप जोडायचे असले की आप्पा उसाचं पाचट पेटवून त्याच्या जाळावर एका पाईपाचं तोंड फिरवायचे, ते मऊ झालं की दुसरा पाईप त्यात ढकलायचे. निवल्यावर जोड असा बसायचा की दोघांनी ओढला तरी सुटू नये. ते मी लहानपणापासून बघत आले होते, त्यात काही नवल वाटत नव्हतं.

नवल वाटलं ते आत्या बांधावर बसली तेव्हा. गवत कापून येताना तिनं विळा कमरेला खोचला होता, सगळ्याच बायका खोचतात. दमली म्हणून बसली आणि विळा मांडीच्या वर चांगला रुतला. चार टाके पडले. पंधरा दिवस ती पालथी झोपून होती आणि पालथी झोपूनच सगळ्या घराला हुकूम सोडत होती. तिचं ते कण्हणं आणि मध्येच "दूध उतू चाललंय गं" म्हणून ओरडणं ऐकत मी गोठ्यामागं बसले होते, तेव्हा मनात आलं की पाईप जर पाईपाचा आकार घेतो तर विळ्याचा का घेणार नाही. पहिला तुकडा जाळावर धरला तो करपला आणि असा उग्र धूर सुटला की म्हैस दावं तोडायला लागली. मग घमेल्यात वाळू तापवून त्यात पाईप पुरायचा हे सुचलं. वाळूनं तो करपत नाही, सगळीकडून सारखा तापतो. कापडाचा फेर द्यायचं शहाणपण विळा एकदा आतच अडकून बसल्यावर आलं. आणि एक गोष्ट मी पहिल्याच महिन्यात शिकले. एक तयार म्यान चुलीच्या कडेला विसरून राहिलं, तर सकाळी ते फुगून पुन्हा गोल व्हायला निघालेलं. हा पाईप आपला मूळचा आकार विसरत नाही. दाबून ठेवलंत तर निमूट राहतो, पण पुन्हा ऊब लागली की पहिल्या जागी जायला बघतो. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "मग चुलीपाशी ठेवू नको म्हंजे झालं."

वर्षभरात वस्तीवरच्या आणि आसपासच्या पन्नास-साठ कोयत्यांना, विळ्यांना, सुऱ्यांना मी घरं केली. बेल्ह्याच्या बाजारातून बैलं घेऊन येणारे सुद्धा वाट वाकडी करून यायचे. "पावणं, कोयता ठेवून जा, संध्याकाळी न्या," असं आत्या ओसरीवरून सांगायची, जसा काही कारखानाच. कुणी मटकी आणायचं, कुणी पपया. एकाचं म्यान दुसऱ्याच्या कोयत्याला बसायचं नाही, कारण लोहाराच्या हातचे दोन कोयते कधी सारखे नसतात. मी म्यान बघून माणूस सांगायची. परवा माझ्या नातवानं मोबाइलवर दाखवलं, कुठल्याशा देशात एक माणूस घरच्या घरी प्लास्टिकची पाटी तापवून सुरीचं म्यान करतो, वर शिकंजा लावतो, स्पंज लावतो. बघून बरं वाटलं. म्हटलं, याच्याकडं आत्या नाही म्हणून याला शिकंजा लागतो. नातू हसला. त्याला मी पुढचं काही सांगितलं नाही. तेच इथं लिहायचं आहे, आणि आत्याचं वजन नि म्हशीचं दावं सांगत मी तेच लांबवते आहे हे मला कळतं.

आमच्या आणि फुगवट्याच्या मध्ये तात्यांची द्राक्षबाग होती. तात्या नात्यातले नव्हते, पण सगळी वस्ती त्यांना तात्याच म्हणायची. लोकांच्या पाईपलाइनी करणाऱ्या आप्पांची स्वतःची लाइन तेवढी राहिली होती, कारण ती तात्यांच्या बांधावरून न्यावी लागणार होती. तात्यांनी आधी हो म्हटलं. आप्पांनी आणि दादानं आठ दिवस चर खणला. नवव्या दिवशी तात्यांनी माणसं लावून तो बुजवला आणि चार लोकांत आप्पांना म्हणाले, "रामभाऊ, माझ्या बांधाला हात लावायच्या आधी आपली पायरी बघावी मानसानं." आप्पा तसेच मागं फिरले. घरी येऊन हातपाय धुतले, भाकरी खाल्ली आणि झोपले. दादा मात्र जेवला नाही. ताटातला झुणका तसाच थिजला. "आप्पा, तुमी गप कसं बसता?" असं तो दोनदा म्हणाला, तर आप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "शेजार हाये तो. शेजाऱ्याशी जलमभर ऱ्हायचं असतं." त्या हंगामात आमचे टोमॅटो फुलोऱ्यातच वाळले. दादा रोज सकाळी त्या वाळक्या झाडांत जाऊन उभा राहायचा आणि तिथून तात्यांची हिरवी बाग बघत राहायचा.

त्याच बागेत चिंधू कामाला होता. चिंधू आणि त्याची बायको ठकू आहुप्याकडची, डोंगरातली. वरचा भात काढून झाला की दोघं खाली उतरायची आणि उन्हाळ्यापर्यंत बागेच्या कोपऱ्यातल्या खोपटात राहायची. चिंधू आमच्या गोठ्यामागं येऊन माझं काम बघत बसायचा. त्याचा कोयता आमच्याकडच्या कोयत्यांसारखा रुंद नव्हता, पात्याला अरुंद पण पाठीला चांगला जाड. डोंगरातल्या रीतीनं तो कमरेमागं लाकडी आकडीत अडकवलेला असायचा. मी किती वेळा म्हटलं, "चिंधूभाऊ, तुम्हाला एक घर करून देते." तर तो हसून म्हणायचा, "नगं, शकूबाय. आमची आकडी बरी. हात मागं न्यायाचा का कोयता हातात." पण येताना कधी आवळे आणायचा, कधी आमच्या आत्यासाठी कसली तरी मुळी. "लई डोक्याची पोर हाये," असं तो ठकूला सांगायचा. माझ्या डोक्याला तेव्हा चांगलं म्हणणारा तो एकटाच. घरात माझं गणित सगळ्यांना पाठ होतं.

तात्या ओसरीशी आले ती सकाळ मला लख्ख आठवते. मी चहाला आधण ठेवत होते. तात्यांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि हातात चिखलानं भरलेलं एक म्यान होतं. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "बागंच्या चार वळी बुडापासनं तोडल्यात कुनीतरी," ते म्हणाले. "मनी धरलं व्हतं. पाच वर्साची झाडं. आन् हे बांधाकडंला पडल्यालं घावलं. शके, हे घर तू क्येल्यालं हाये. कुनाचं ते सांग." ते मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मी एवढ्या मोठ्या माणसाला रडताना तोवर बघितलं नव्हतं. आप्पा धावत आले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि मी त्या म्यानाकडं बघत होते. दादाच्या कोयत्याचा टोकाशी एक टवका उडालेला होता. तो टवका म्यानाच्या टोकाला तसाच उठला होता, चिखलातून सुद्धा दिसत होता. मागं गोठ्यात दादा धार काढत होता. तात्यांचं रडणं त्याला ऐकू जात होतं, पण त्यानं मान वळवली नाही, आणि चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज एकदाही थांबला नाही.

मी म्हणाले, "तात्या, चिखलानं काहीच दिसंना. धुऊन बघते." एवढं सरळ तोंडातून आलं की मलाच नवल वाटलं. आत्यानं तात्यांपुढं चहा ठेवला. मी म्यान घेऊन न्हाणीत गेले. बंबातलं पाणी खदखदत होतं. मी घंगाळात ते सोडलं आणि म्यान त्यात बुडवलं. फार वेळ नाही, आत्याच्या हिशेबानं तीस आकडे. पाईप हातात हळूहळू ढिला होत गेला, चपट्या बाजू एकमेकींपासून सुटल्या, टोकाचा तो टवका पुसट झाला. त्या वेळी मला एकच गोष्ट हवी होती. ते म्यान कुणाच्याच कोयत्याला बसू नये. कुणाचं म्हणून ओळखूच येऊ नये. दादा वाचावा एवढंच, दुसऱ्या कुणाचं वाईट माझ्या मनात नव्हतं. हे मी आजवर स्वतःला हजारदा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. त्याचा काही उपयोग नाही. गार पाणी ओतून ते घट्ट केलं, बाहेर आणलं आणि म्हटलं, "तात्या, असली लई केलीत. मला एवढ्यावरनं सांगता यायचं न्हाई."

तात्यांनी डोळे पुसले. "मग कोयत्यांनाच इचारू," ते म्हणाले. दुपारी सगळ्यांनी आपापले कोयते आणि घरं घेऊन मारुतीच्या पारावर यायचं, ज्याच्याकडं कोयता आहे पण घर नाही तो कळेल, आणि शिवाय हे म्यान एकेका कोयत्याला लावून बघायचं. पोलिसांत जायच्या आधी वस्तीवर असंच व्हायचं, आपलं आपण बघून घ्यायचं. जाताना ते आमच्या दाराशी थांबले आणि आप्पांना म्हणाले, "रामभाऊ, वाईट वाटून घेऊ नगा, पर माझा वहीम कुनावर हाये ते तुमाला बी ठावं हाये." आप्पा ताठ उभे राहिले. "आमच्या घरापासनं सुरुवात करा," म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

दादाकडं आता कोयता होता आणि म्यान नव्हतं. आप्पा पारावर माणसं बोलवायला गेले, तसं मी घमेल्यात वाळू तापायला ठेवली. दादाला काही विचारलं नाही. त्याच्या कोयत्यावरून कापडाचा फेर देताना पात्याला चिकटलेला द्राक्षाच्या खोडाच्या सालीचा धागा दिसला, तो मी नखानं काढला. पाईप मऊ झाला, कोयता आत गेला, फळ्या ठेवल्या. हाक मारायला तोंड उघडलं तर आत्या मागंच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, फळीखालच्या कोयत्याच्या मुठीकडं बघितलं. ती मूठ दादाची आहे हे तिला कळायला एवढा वेळ पुरे होता. मला वाटलं, आता ही बोंब मारणार. पण ती काष्टा सावरून खाली बसली. तिनं मोजलं नाही. कुणाची गोष्ट सांगितली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती समोर बघत राहिली, आणि किती वेळ झाला हे मलाच मनात मोजावं लागलं. उठताना तिनं माझा हात धरला नाही, जमिनीला रेटा देऊन एकटी उठली. नव्या म्यानाला मी राख आणि शेण चोळून जुनं केलं.

पारावर झाडून सगळे जमले होते. पोरीला बाप्यांच्या बैठकीत कशाला, असं कुणीतरी पुटपुटलं, पण तात्या म्हणाले, "करनारी ती हाये, लावून बी तीच बघंल." पहिला कोयता आप्पांनी पुढं केला. मग दादानं आपला केला, म्यानातून काढून. ते धुतलेलं म्यान मी त्याला लावलं. दादाचं पातं रुंद, ते अर्ध्यावर जाऊन अडकलं. आप्पांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांची मान खाली गेली. मला वाटलं, सुटलो. मग मी एकेक कोयता घेत गेले. कुणाचा अडकत होता, कुणाचा आत जाऊन खडखडत होता. पंचवीस-तीस झाले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "चिंधूचा ऱ्हायला की." चिंधू मागं उकिडवा बसला होता. त्यानं हात मागं नेऊन आकडीतून कोयता काढला आणि हसत माझ्या हातात दिला. त्याला काही भीती नव्हती, तो कशाला भिईल.

मी कोयता म्यानात घातला आणि टक् असा आवाज आला.

पाईप गोल व्हायला निघाला होता ना. रुंदीला आखडला होता आणि मध्ये फुगला होता. अरुंद पण जाड पात्याला तो आता असा बसला की मापानं केला असता तरी इतका बसला नसता. सगळे पुढं सरकले. मग गलका. चार दिवसांपूर्वी तात्यांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, दुपारी सावलीत लवंडला म्हणून. ते आता प्रत्येकाला आठवलं. "ह्याच्याच कंबरंला घर न्हाई बघा," एकजण ओरडला. चिंधू उठून उभा राहिला. "मालक, मी न्हाई. मला घरच न्हाई, माझ्याकडं आकडी हाये," तो म्हणत होता, पण कुणी ऐकेना. मग तो माझ्याकडं वळला. "शकूबाय, तू सांग की. तूच करतीस समद्यांची. मला तू कधी क्येलं व्हतंस का?"

समोर चिंधू होता. त्याच्या मागं दादा. दादाचे ओठ पांढरे पडले होते. आप्पा माझ्याकडं बघत होते, अभिमानानं, कारण आज त्यांच्या पोरीच्या शब्दाला गाव थांबला होता. मी म्हणाले, "लई जनांची केली. आता ध्यानात न्हाई."

पहिली चपराक दादानं मारली. ते मी सांगितलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं होईल. नंतर आणखी दोघा-तिघांनी हात धुऊन घेतले. तात्यांनीच मग सोडवलं. "गरिबाला पोलिसात देऊन मला काय मिळनार," ते म्हणाले, "पर दिस मावळायच्या आत वस्ती सोडायची, आन् कोयता हितंच ऱ्हाईल." सगळ्यांना तात्यांचं मन मोठं वाटलं. आमच्या घरावरून ती दोघं गेली तेव्हा ठकूच्या डोक्यावर गठुडं होतं आणि चिंधूच्या कमरेमागं रिकामी आकडी होती. आत्या ओसरीवर होती. ती उठून आत निघून गेली. नारायणगावापासून मंचरपर्यंत ही गोष्ट बागाईतदारांत पसरली आणि पुढं चिंधूला खाली कुणी कामाला घेतलं नाही, हे मला नंतर कळलं.

आणि तात्यांनी आप्पांना बांध दिला. रामभाऊ, तुमच्या पोरावर मी नाहक वहीम घेतला, असं ते घरी येऊन म्हणाले, हात जोडून म्हणाले. आठवड्यात चर पुन्हा खणला गेला. आमच्या शेतात पहिल्यांदा पाणी पडलं त्या दिवशी आप्पांनी आत्याला मासवड्या करायला सांगितलं. बेसनाचा गोळा, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. आत्यानं सगळं नेहमीसारखं केलं, वड्या कापल्या, तात्यांनाही ताट लावलं. दादा आणि तात्या शेजारी बसून जेवले. मी एक वडी तोंडात घातली आणि परसात जाऊन थुंकले. त्यानंतर मी एकही म्यान केलं नाही. लोक यायचे, मी म्हणायची वाळूची धग सोसत नाही. खरं तर आत्यानं बसायला नकार दिला होता. तोंडानं नाही. मी हाक मारली तरी ती जागची हलली नाही, एवढंच. आम्ही दोघी त्याच्यावर कधी बोललो नाही, आणि ती गेली तेव्हाही ते आमच्यात तसंच होतं.

माझं लग्न घोडेगावला झालं. दादाची आज स्वतःची मोठी बाग आहे. एका दिवाळीला मी त्याला एकटा गाठून म्हटलं, "दादा, त्या चिंधूला आपण शोधलं पाहिजे." तो पायानं माती उकरत होता. मग म्हणाला, "मी तोडली. पर त्यानं इचारलं ते तुला व्हतं." रागानं नाही, सहज म्हणाला. तेव्हा मला त्याचा संताप आला होता. आता येत नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

घोडेगावहून आहुप्याला एस.टी. जाते. तीन तासांची सुद्धा वाट नाही. ती चढायला मला बावीस वर्षं लागली. सासू, पोरं, शाळा, दुखणी, कारणांना काही तोटा नव्हता. शेवटी गेले. डिंभ्याचं पाणी मागं टाकून गाडी वर चढली तशी मी मनात वाक्यं जुळवत होते. चिंधूचं घर विचारत विचारत गेले. अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत होती. तिनं वर बघितलं आणि डोळे बारीक केले. "येडगावची शकूबाय का गं तू?" ती ठकू होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं, बिनदुधाचा चहा दिला. चिंधू जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी काही म्हणायच्या आतच ती बोलायला लागली. "तुझं नाव लई काढायचा. गावानं मारलं, मालकानं हाकललं, त्या समद्यांना शिव्या द्यायाचा. पर तुला न्हाई. म्हनायचा, त्या पोरीला आठवलं न्हाई त्याला ती काय करंल. आठवलं असतं तर बोलली असती ती. लई डोक्याची पोर."

तिथं गप्प बसता आलं असतं. मी बावीस वर्षं गप्प बसलेली बाई, मला ते जमलं असतं. पण मी एवढी वर चढून आले होते आणि मला माझं ओझं टाकायचं होतं. म्हटलं, "ठकूबाई, मला आठवत होतं. चिंधूभाऊंना मी कधी घर केलं नव्हतं, हे मला पारावर उभी असताना पक्कं ठाऊक होतं. ते म्यान माझ्या भावाचं होतं." मग बंबाचं पाणी, नवं म्यान, सगळं सांगितलं. सांगताना मी रडत होते.

ठकूच्या हातातलं सूप थांबलं होतं. ती नाचणीच्या दाण्यांवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्या गावातलं एकच मानूस त्यानं चांगलं म्हनून ठिवलं व्हतं. मी बी त्येच धरून बसले व्हते. त्ये बी न्यायला आलीस व्हय गं?"

तिनं माझ्यापुढचा कप उचलला आणि आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. परतीची गाडी यायला दीड तास होता. तेवढा वेळ मी तिच्या अंगणात त्या पोत्यावर बसून राहिले.